सुपारी ऐकणारे काका

परवा पुतण्याला घेऊन मुंबईच्या एका डॉक्टरकडे गेलो होतो. पोरगं अजून तिशीचंही नाही, आणि सकाळी उठून पायांत चपला घालायला त्याला अर्धा तास लागतो. पाठ म्हणजे नुसतं लाकूड. डॉक्टरांनी त्याला भिंतीला टेकवून उभं केलं, वाकायला लावलं, मान फिरवायला लावली. इथवर ठीक. मग विचारलं, "डोळे मधूनमधून लाल होतात का?" पुतण्या म्हणाला, होतात. मग म्हणाले, "आणि ऐकायला कसं येतं?"

मला राहवलं नाही. म्हटलं, "अहो डॉक्टर, दुखणं पाठीचं, तुम्ही कानाचं काय काढता?"

ते म्हणाले, "आजोबा, मणक्यांचे सांधे सुजतात आणि मग एकमेकांना चिकटत जातात, असा हा आजार. पण तो पाठीतच राहील असं नाही. कुणाचे डोळे धरतो. काहींचं ऐकणं कमी होत जातं. सगळ्यांचं नाही. का होतं ते आम्हांलाही नीट उमगलेलं नाही, पण होतं खरं."

पुढे औषधाबद्दल ते काय बोलले, माझं लक्षच नव्हतं. श्रीवर्धनची वखार डोळ्यांपुढे आली आणि वखारीतले काका आले. ताठ मान, लाल डोळे, बहिरे कान. या तीन वेगवेगळ्या खोडी समजून अख्खं गाव ज्यांना हसलं, ते सगळं एकच दुखणं होतं म्हणायचं. आणि हे मला कळलं चाळीस वर्षांनी! काय जाळायचंय ते कळणं?

काकांचं नाव सांगत नाही, त्यांच्या घरची माणसं आहेत अजून. वखारीत त्यांना सगळे काकाच म्हणत. एकोणीसशे पंचवीस-सव्वीसचा सुमार असेल. आमच्याकडे नबाबाचं राज्य होतं. मी वीस वर्षांचा, मराठी सातवी पास, सुपारीच्या वखारीत गुमास्ता म्हणून लागलेला. आणि काका तिथले पारखी.

पारखी म्हणजे काय ते सांगायला हवं. सुपारी झाडावरून उतरवली की सालासकट खळ्यात उन्हात पसरतात. चांगली दीड महिना ऊन खाते. पुरती वाळली की आतली सुपारी सालापासून सुटते, आणि कानाशी धरून हलवली तर खुळखुळते. आत ओल राहिली असेल तर नुसतं थप्प होतं, नाहीतर काहीच होत नाही. अशी ओली सुपारी सोलून गोणीत भरली की आठ-दहा दिवसांत बुरशी आलीच समजा, आणि एक गोण बिघडली की शेजारच्या चार बिघडतात. काका ढिगाच्या पोटात कोपरापर्यंत हात घालत, पाच सुपाऱ्या काढत, आणि एकेक उजव्या कानाशी हलवत. पाचही बोलल्या तर म्हणत, "वाळली. सोला." एक जरी गप्प राहिली तर म्हणत, "आठ दिवस ऊन." बस्स. त्यावर अपील नाही.

शेठ आमचे कोकणी मुसलमान. तीन पिढ्यांचा व्यापार, माणूस दिलदार. मुंबईचा कुणी गिऱ्हाईक माल उघडून दाखवा म्हणाला तर ते हसत आणि सांगत, "माझा तराजू चुकंल भाई, काकांचा कान चुकणार न्हाय. त्या कानावर माझं इमान हाय." काकांच्या तोंडावरची रेघ हलत नसे, पण दुसऱ्या दिवशी ते धुतलेलं धोतर नेसून येत. मी पाहिलंय ना.

वयानं पंचेचाळिशीचे असतील, दिसत साठीचे. मान कुठेच वळायची नाही. डावीकडे बघायचं झालं तर कपाट सरकवावं तसं अख्खं अंग फिरवत. पहाटे किनाऱ्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत तरातरा चालत, दोनदा, तीनदा. लोक म्हणत, हा माणूस वाळूत काय शोधतो? काही शोधत नव्हते हो. पडून राहिलं की अंग आखडे आणि चाललं की मोकळं होई, एवढंच होतं. मऊ गादीवर कधी झोपले नाहीत, फळीवर झोपत. वैद्यबुवांनी वात ठरवला होता, निर्गुंडीचा पाला शेकायला दिला होता. पुढे कानाची तक्रार सुरू झाली तेव्हा त्याच वैद्यबुवांनी लसणीचं तेल कानात घालायला दिलं. पाठीचं खातं वेगळं, कानाचं वेगळं.

बसायच्या जागेसमोर खांबावर त्यांनी एक हातभर आरसा टांगून घेतला होता. दार पाठीमागे, मान वळत नाही, तर कोण आलं-गेलं ते आरशात दिसावं म्हणून. पण वखारीत सुपारी सोलायला येणाऱ्या बायकांना हे कोण सांगणार? त्यांचा आपला एकच दंगा. "काकांचा नट्टापट्टा झाला की सोलायला घेऊ गं!" त्यांच्यातली सगळ्यांत जुनी एक आजी होती, ती तर तोंडावर म्हणायची, "काका, जरा मान मुरडून बघा की आमच्याकडं. आम्ही काय येवढ्या वंगाळ दिसताव?" तेव्हा काकांना ऐकू यायचं. ते आरशातूनच म्हणाले, "मान मुरडली तर परत सरळ करायला तुलाच बोलावीन. येशील?" बायका पोट धरधरून हसल्या.

एकदा एक नवा गाडीवान त्यांच्या पाठीमागे उभा राहून त्यांच्या ताठ चालीची नक्कल करून दाखवत होता. काका न वळता म्हणाले, "चांगली करतोस. फक्त माझा डावा खांदा जरा वर असतो, तेवढं सुधार." गाडीवान जो पळाला तो आठवडाभर भाडं घेऊन आला नाही.

डोळे वर्षातून दोन-तीनदा लालभडक होत. उजेड सोसायचा नाही, मग डोळ्यांवर ओलं फडकं धरून बसत. गावात झालं, काका माडी ढोसतात! माडी विकणारा स्वतः शपथ घेऊन सांगे की हा माणूस माझ्या दाराला शिवलेला नाही. लोक म्हणत, मग दुसऱ्याच्या दाराला शिवत असेल.

पण खरी नालस्ती झाली ती कानांमुळे. कान एकदम गेले नाहीत, भरती उतरावी तसे हळूहळू गेले. आधी म्हणाले, कानात रातकिडे बसलेत. मग त्यांचं बोलणं खाली खाली येत गेलं, इतकं हळू बोलू लागले की ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागे. लोक म्हणाले, बघा, राजेसाहेब झालेत. गावातले एक मोठे यजमान मुलाच्या लग्नाची अक्षत द्यायला भर बाजारात त्यांना मागून हाका मारत आले. तीन हाका मारल्या. काका आपले सरळ चालत राहिले. ना वळले, ना थांबले. अक्षतीला पाठ दाखवली! आमच्या गावात याहून मोठा अपमान नाही. त्या घरानं पुढे त्यांना कधी बोलावलं नाही, आणि त्या घरामागोमाग आणखी चार घरांनी. काकांना शेवटपर्यंत कळलं नाही की आपल्याला का टाकलंय. "लोक हल्ली विसरायला लागलेत," एवढंच एकदा मला म्हणाले.

मला त्यांच्या कानाचं केव्हा कळलं ते सांगतो, आता त्याचं हसूही येत नाही. माझं काम ढिगावर खडूनं खूण केलेली पाटी रोवायचं. 'सोला' किंवा 'ऊन'. त्यामुळे काका सुपारी हलवत तेव्हा मी समोर उभा असे. दुसऱ्या वर्षी त्यांनी माझी जागा बदलली. "तिकडे अंधारात काय उभा राहतोस, इथं उजेडात ये," म्हणाले. मी आलो. एक दिवस माझी दाढ ठणकत होती, गाल सुजून टोपलीएवढा झालेला, तोंड वाकडं. त्या दिवशी काकांनी तीन ढीग 'ऊन' म्हणून परत पाठवले. तिन्ही ढीग ठणठणीत वाळलेले! मला उभ्या जागी खुळखुळ ऐकू येत होती. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आणि मला कळलं. हा माणूस सुपारी ऐकतच नाही. हा माझं तोंड वाचतोय.

आई मला लहानपणापासून म्हणायची, तुझ्या पोटातलं सगळं तुझ्या थोबाडावर लिहिलेलं असतं. ते आता कामाला आलं होतं. दुसऱ्या दिवसापासून मी मुद्दाम करायला लागलो. सुपारी बोलली की भुवया वर, थप्प झालं की ओठ आत. काकांनी एक-दोन दिवस माझ्याकडे टक लावून पाहिलं. मला कळलंय हे त्यांना कळलं. पण तोंडातून ब्र नाही, ना त्यांनी काढला, ना मी. असे तीन हंगाम गेले. एक दाणा चुकला नाही.

मला त्यांचा फार लळा होता, हे आधी सांगतो, कारण पुढचं ऐकून कुणाला खरं वाटायचं नाही. हातात सुपारी कशी धरायची, दमट हवेत आवाज कसा फसवतो, हे सगळं त्यांनीच मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं. एकदा संध्याकाळी वखारीच्या ओट्यावर बसलो होतो. समोर समुद्र नुसता गर्जत होता. काका म्हणाले, "आज समुद्र अगदी गप्प आहे, नाही?" मी म्हटलं, "हो, गप्प आहे." आणि मान डोलावली, म्हणजे त्यांना दिसावं.

पण लळा असला तरी मनात खुसपट निघायचं ते निघतंच. खरी परीक्षा कोण करतंय? मी. धुतलेलं धोतर नेसून मान कोण घेतंय? ते. पंचविशीचं वय झालं होतं माझं, लग्न ठरत होतं, आणि मुलीकडचे विचारत होते, वखारीत तुम्ही नक्की काय करता? पाट्या रोवतो, असं सांगायचं का?

वैशाख सरत आला होता. मुंबईला जाणारा हंगामातला शेवटचा मचवा खाडीत उभा, मागून पावसात समुद्र बंद व्हायचा. शेवटच्या ढिगाच्या आदल्या दिवशी दुपारी शेठ आमच्यापाशी आले. काकांसमोर येऊन उभे राहिले, कारण काकांशी समोरूनच बोलावं लागतं हे त्यांनाही सवयीचं झालं होतं, काकांची मिजास समजून. माझ्या पाठीवर हात ठेवून मोठ्यानं म्हणाले, "काका, पोरगा तयार झाला का? पुढच्या साली अर्धे ढीग याच्याकडं देऊ म्हनतो मी."

काकांनी आधी शेठकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आणि म्हणाले, "छे. याला अजून कान नाही."

सगळ्या बायकांनी ऐकलं. सोलणाऱ्यांतली ती आजी फिसकन हसली. माझ्या कानशिलात मारली असती तरी बरं, असं झालं मला. याला कान नाही! अरे, तीन वर्षं तुझे कान झालोय मी! ते का तसं बोलले ते मला आज कळतं. मी तयार असेन तर त्यांचं काय काम? बहिऱ्या पारख्याला कोण ठेवील? बुडणारा माणूस हाताला येईल ते धरतो, तसं त्यांनी ते वाक्य धरलं होतं. पण तेव्हा मला काही कळत नव्हतं. कळून घ्यायचंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी शेवटचा ढीग. मागचे चार दिवस मळभ होतं, ऊन नीट लागलं नव्हतं. मुंबईच्या व्यापाऱ्याचा माणूस खळ्यात उभा, शेठ उभे, बायका सुऱ्या घेऊन बसलेल्या. काकांचे डोळे तेव्हा आलेले, लालबुंद. फडकं बाजूला ठेवून त्यांनी ढिगात हात घातला. पहिली सुपारी कानाशी धरून हलवली.

थप्प. मला स्वच्छ ऐकू आलं.

काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी तोंड दगडासारखं ठेवलं. किती कठीण असतं ते, माझ्यासारख्याला तर फारच, पण मी ठेवलं. त्यांनी पुन्हा हलवली. मग ती कानामागच्या हाडावर दाबून हलवली. ओल्या सुपारीला कुठला आलाय आवाज? पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मी खाडीकडे, मचव्याच्या डोलकाठीकडे बघायला लागलो. दुसरी, तिसरी, चौथी, पाचवी. एक तेवढी खुळखुळली, चार ओल्या. मी नुसतं 'काका' म्हटलं असतं आणि डोकं हलवलं असतं, तरी पुरे होतं.

"काय काका?" शेठ म्हणाले. व्यापाऱ्याचा माणूस घाई करत होता. काकांनी एकदा ओठांवरून जीभ फिरवली.

"वाळली," ते म्हणाले. "सोला."

मी खडूनं 'सोला' लिहिलं आणि पाटी रोवली. माझ्या हातानं.

पंधरा दिवसांत मुंबईहून निरोप आला. अर्ध्या गोणी बुरशीनं पांढऱ्या झाल्या होत्या. शेठ ओरडले नाहीत. पावसाची झड सुरू झाली होती, ते वखारीत येऊन काकांसमोर बसले. म्हणाले, "काका, कसं झालं हो असं?" काकांनी ओठ वाचले असतील, नाहीतर अंदाजानं ओळखलं असेल. ते म्हणाले, "शेठ, मला ऐकू येत नाही. तीन वर्षं झाली. तुमचं इमान मी फसवलं." तेवढंच. तीन वर्षं मग कसं जमवलं, ते शेठनी विचारलं नाही आणि काकांनी सांगितलं नाही. माझं नावसुद्धा त्यांनी घेतलं नाही. उठले, समोरच्या खांबावरचा आरसा तिथेच राहू दिला, आणि भिजत घरी गेले. शेठनी त्यांना परत बोलावलं होतं, बसून राहा म्हणाले होते, पण ते आले नाहीत.

शेठनी मला एकट्याला गाठून विचारलं, "तू समोर उभा असायचास. तुला म्हाईत होतं?"

मी म्हणालो, "नाही."

पुढच्या हंगामात काकांच्या जागी मी बसलो. पुढे तीस वर्षं बसलो. माझं लग्न झालं, संसार झाला, लोकांनी माझ्या कानाची वाखाणणी केली. सगळं झालं.

काका मुलीकडे आगरदांड्याला राहायला गेले होते. मी पाच-सहा वर्षं जाईन जाईन म्हणत राहिलो. शेवटी एकदा दिघीला कामाला गेलो होतो, खाडी ओलांडायला तरीत बसलो आणि पलीकडे उतरलो. सांगून टाकायचं, पायांवर डोकं ठेवायचं आणि मोकळं व्हायचं, असं ठरवून गेलो होतो.

दुपार होती. काका पडवीत खुर्चीवर बसले होते. पाठ पार पुढे वाकली होती. ताठ मानेचा तो माणूस, आता हनुवटी छातीला टेकलेली. मांडीपलीकडचं त्यांना काही दिसत नव्हतं. माझं तोंडही दिसत नव्हतं. मुलीनं आतून दगडी पाटी आणि पेन्सिल आणली. म्हणाली, "कान पुरते गेले हो. काय बोलायचं ते यावर लिहा आणि मांडीवर ठेवा. वाचतात." आणि तिथेच माझ्या पाठीशी उभी राहिली, वडिलांकडे कोण आलंय या कौतुकानं.

मी नाव लिहिलं. काकांनी वाचलं आणि त्यांचे खांदे हलायला लागले. आधी मला वाटलं हसताहेत.

"तू आलास," ते म्हणाले. त्या खालच्या आवाजात. "बरं झालं आलास. मला तुला सांगायचं होतं. शेठना मी म्हणालो होतो, याला कान नाही. खोटं बोललो रे. भीतीनं बोललो. घरी जाऊन ताट पुढ्यात आलं, पण जेवण गेलं नाही. तुझ्यासारखा कान मी पाहिला नाही."

मी पाटी ओढून घेतली. पेन्सिल हातात धरली. पण त्यांचं संपलं नव्हतं.

"आणि तो शेवटचा ढीग," ते म्हणाले. "तुझा काही दोष नाही हो त्यात. माझे डोळे आले होते, सगळं धुरकट दिसत होतं. तू सांगितलंच असशील. तू काय सांगितल्याशिवाय राहणार? मलाच तुझं तोंड दिसलं नाही." मग मुलीला मोठ्यानं म्हणाले, म्हणजे त्यांच्या मतानं मोठ्यानं, "याच्यामुळे मी तीन वर्षं जास्त बसलो बघ तिथं. पोटच्या पोरानं केलं नसतं."

मुलगी माझ्याकडे बघून हसली. तिचे डोळे भरून आले होते.

पाटी माझ्या मांडीवर. 'काका, मी सांगितलं नव्हतं.' चार शब्द लिहायचे होते. मागे त्यांची मुलगी उभी होती, ती वाचणार होती, आणि काका तर वाचणारच होते. मी लिहिलं, 'तब्येत कशी आहे?'

काकांनी पाटी जवळ घेऊन वाचलं. "बरी आहे रे, बरी आहे," म्हणाले. तळहातानं पाटी पुसली, स्वच्छ पुसली, आणि चाचपत पुन्हा माझ्या हातात दिली.

"आणखी लिही," ते म्हणाले.

मी लिहिलं, 'येतो आता.'

परत मी आगरदांड्याला गेलो नाही.